पोस्टवर आम्ही आठ जण

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची तुकडी वर चढली. हुकूम साधा होता: मे महिन्यापर्यंत पोस्ट सांभाळायची. मधल्या काळात रस्ता बंद. हवा साफ असली तर हेलिकॉप्टर येणार, नसली तर नाही. पोस्टचं नाव सांगत नाही, तशी रीत नाही. सोळा हजार फुटांच्या वर होती एवढं पुरे. आम्ही आठ जण होतो. मी हवालदार उत्तम खिल्लारे, पोस्टवर दुसऱ्या नंबरचा.

तुम्ही म्हणाल, परभणी जिल्ह्याचा माणूस आम्हाला थंडीच्या काय गोष्टी सांगतो! खरंय. आमच्याकडं उन्हाळा माणसाला भाजून काढतो आणि थंडी म्हणजे मौज. शेकोटी करायची, हुरडा भाजायचा, तुरीच्या शेंगा उकडायच्या, उन्हाकडं पाठ करून बसायचं. तरी आता डिसेंबर लागला की चारठाण्याला माझ्या घरी कुणी ना कुणी येतंच. कधी रिटायर मास्तर, कधी एखादा दुकानदार, कधी कुणाची सून सासऱ्याला हाताला धरून घेऊन येते. "हवालदारसाहेब, थंडीत मनच लागत न्हाई बघा. उठूच वाटत न्हाई. नुस्तं पडून ऱ्हावं वाटतंय." यांना वाटतं फौजी माणसाकडं काहीतरी जडीबुटी असेल. जडीबुटी कसली आलीय? एक दिनक्रम आहे, तो सांगतो. आणि तो कुठं कमी पडला तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

आमचे पोस्ट कमांडर सुभेदार ठाकूरसाहेब हिमाचलचे होते. बर्फातच लहानाचे मोठे झालेले. पहिल्याच दिवशी आम्हाला ओळीत उभं करून ते म्हणाले, "ठंड से कम आदमी मरते हैं. लेटे रहने से ज़्यादा मरते हैं. समझे?" आम्ही म्हणालो, "समझे, साब." त्या दिवशी काही समजलं नव्हतं.

0530 ला उठायचं. उठल्याबरोबर दोन मग गरम पाणी, तहान असो नसो. 0600 ला दाढी. मला आधी हसू आलं. तिथं आमची थोबाडं बघायला कोण येणार होतं? पण महिन्याभरात कळलं, ज्याची दाढी वाढली त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. मग मोजे बदलायचे आणि पाय तपासायचे. स्वतःचे नाहीत, बडीचे, म्हणजे जोडीदाराचे. प्रत्येक बोट दाबायचं, लाली परत येते का बघायची. दुसऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसायला पहिले चार दिवस लाज वाटते, पाचव्या दिवशी दोघं गप्पा मारत बसतात. ऊन पडलं की काळा चष्मा लावून पंधरा मिनिटं बाहेर उभं राहायचं. मग दारातला बर्फ काढायचा. तो परत पडायचा, आम्ही परत काढायचो. दुपारी आडवं व्हायचं नाही. भूक मरून जाते वर, तरी ताट संपवायचं, ड्यूटी समजून.

1600 ला गप्पा परेड. हे ठाकूरसाहेबांचं डोकं. प्रत्येकानं उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, विषय कुठलाही. हुकूमच होता, त्यामुळं सुटका नाही. हसाल तुम्ही, पण अंगाला जसा व्यायाम लागतो तसा तोंडालाही लागतो. बंद खोलीत माणूस आधी बोलायचा थांबतो, मग बाकीचं थांबतं.

आणि दिवसातून तीनदा गिनती. रांगेत उभं राहून आपापला नंबर ओरडायचा. एक, दो, तीन. शेवटचा म्हणणार, "आठ! गिनती पूरी!" हा आठवा नंबर नाईक बालाजी फडचा.

बालाजी गंगाखेडकडचा, उसाच्या पट्ट्यातला, शेतकरी घरातला. बाप लहानपणीच गेलेला, घरी एकटी आई. मी जिंतूरच्या माळरानावरचा, बौद्धवाड्यातला. गावाकडं असतो तर आमची ओळखही झाली नसती. वर मात्र एकाच जिल्ह्याचे म्हणून आम्ही एकमेकांचे बडी झालो. सकाळी मी त्याला जयभीम म्हणायचो, तो मला रामराम म्हणायचा. बाकी सगळ्यांशी हिंदी, आम्ही दोघं बोलायला लागलो की आपलं गावाकडचं. आमचे नर्सिंग असिस्टंट थॉमस केरळचे. ते म्हणायचे, "तुम दोनों लड़ते हो या बात करते हो?"

पोरगं मोठं बोलकं होतं. एकदा गप्पा परेडला त्यानं पाचच्या पाच मिनिटं देवगाव फाट्यावर एसटीची वाट कशी बघावी लागते तेवढंच सांगितलं. बस येते, कंडक्टर हात हलवतो, बस जाते. परत बस येते. ठाकूरसाहेब डोळे पुसत हसले, आणि त्यांनी देवगाव फाटा जन्मात बघितला नव्हता. वय एकोणतीस. हवालदारकीचा कोर्स पास झालेला, मार्चमध्ये बढतीची यादी लागायची होती. आईला फोटो पाठवायचा, बाहीवर हवालदाराच्या तीन फित्यांचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चहाची पाळी त्याची होती. त्यानं नऊ मग मांडले.

मी म्हणालो, "मोजता येत न्हाई का रे?"

त्यानं मगांकडं बघितलं, एक उचलून ठेवला. दुसऱ्या दिवशी परत नऊ. मी परत एक उचलला. गप्पा परेडला तो दीड मिनिटात खाली बसला. त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघं बाहेर बर्फ काढत होतो. स्वच्छ ऊन होतं. त्यानं फावडं थांबवलं.

"दादा, एक इच्यारू? गिनतीत मी आठ म्हनतो ना?"

"मंग?"

"माज्यामागून कुनीतरी बोलायलंय."

"काय बोलायलंय?" असं मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "वारा हाय लेका."

"वारा न्हाई. नऊ म्हनतंय. लय हळू. अन् कालपासून आनखी बोलायलंय दादा, मला म्हनतंय की..."

"गप बस!" मी ओरडलोच. "असलं तोंडातून काढायचं न्हाई. फावडं मार."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. भर दुपारी, डोळे दिपतील एवढ्या उजेडात अंगावर काटा आला. मागं वळून बघावंसं वाटत होतं आणि बघायची हिंमत होत नव्हती. फौजेत एवढी वर्षं काढली, गोळीच्या आवाजाला दचकलो नाही, आणि नऊ या आकड्याला घाबरलो.

त्यानं फावडं टाकलं आणि माझा हात धरला. "दादा, साहेबाला सांगू नको. माज्या मायची शपथ हाय तुला. येडा म्हनून खाली धाडतील. मेडिकल कॅटेगरी जाईल, हवालदारकी जाईल. गावात माय काय सांगंल लोकाला?"

ही भीती खोटी नव्हती. पाय सडला तर माणूस वीर. डोक्याचं काही निघालं तर त्याच्याकडं बघायची सगळ्यांची नजर बदलते. आणि आपल्याकडं तर विचारूच नका. परभणीला डोक्याच्या डॉक्टरकडं एकदा गेलेल्या माणसाच्या पोरीला स्थळ येत नाही. गाववाल्याची इज्जत गाववाल्यानं राखायची, हे माझ्या रक्तातच होतं. मी म्हणालो, "न्हाई सांगत. पर मी सांगतो तसं करायचं."

मग मी त्याच्यावर दिनक्रमाचा मारा केला. दुप्पट बर्फ, दुप्पट ऊन, दुप्पट बैठका. दाढी दोनदा. घाम गाळ म्हणालो, डोकं आपोआप ठिकाणावर येतं. रोज त्याच्या पायाची दहाही बोटं मी दाबून बघत होतो. बोटं लाल होती, एकदम बेस. तीनचार दिवस तो सुधारलाही, चहाचे मग आठच मांडायचा. मला वाटलं, जिंकलो.

पहिल्यांदा नऊ मग मांडले त्यापासून नवव्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. रॉकेल, टपाल, भाजीचे डबे. पंखा फिरतच असतो, दोन मिनिटांत सगळं उतरवायचं. ठाकूरसाहेब माझ्या कानात ओरडले, "एक सीट खाली है. कोई बीमार है क्या? थॉमस, कोई?"

थॉमस माझ्याकडं बघून म्हणाले, "फड ठीक है ना, उस्ताद? फिर चाय के नौ मग क्यों रखता है?"

म्हणजे त्यांनीही बघितलं होतं. बालाजी दहा पावलांवर रॉकेलचा डबा खांद्यावर घेऊन उभा होता. तो माझ्याकडं बघत होता. आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं, पण काय चाललंय ते त्याला कळत होतं.

"ठीक है," मी म्हणालो. "मज़ाक करता है."

हेलिकॉप्टर रिकाम्या सीटसह खाली गेलं. तेवढा वेळ मला आयुष्यात परत मिळाला तर बाकी काही नको.

त्यानंतर हवा बिघडली आणि बिघडलेलीच राहिली. दुपारच्या गिनतीला एकदा बालाजी म्हणाला, "आठ! गिनती पूरी!" आणि त्याच्यानंतर मलाही काहीतरी ऐकू आलं. शब्द नव्हता. कुणीतरी बोलायच्या आधी श्वास घेतं तेवढंच. मी रांगेकडं बघितलं. सगळे सरळ समोर बघत होते, जरा जास्तच सरळ. त्यांनी काही ऐकलं का ते मी त्यांनाही विचारलं नाही. उंचीवर ऑक्सिजन कमी असतो, मेंदू असले खेळ करतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मला ते पटतं. त्या वेळी पटलं असतं तर बरं झालं असतं.

एकोणिसावा दिवस. सकाळपासून ढग पोस्टवरच बसले होते. अशा वेळी आभाळ आणि जमीन यांच्यामधली रेघ पुसली जाते. सगळीकडं पांढरा उजेड, पण सावली कशाचीच नाही. आपलेच बूट दिसतात आणि ते कशावर उभे आहेत ते दिसत नाही. आवाज दबून जातो. स्वतःचा श्वास मागून कुणाचा तरी यावा तसा ऐकू येतो.

आमच्या राहायच्या हटपासून वर ऐंशी मीटरवर टेहळणीची छोटी ओ.पी. होती. तिथपर्यंत दोर बांधलेला. दोराला धरून जायचं, दोराला धरून यायचं. आत फील्ड टेलिफोन आणि ड्यूटी रजिस्टर. ड्यूटी दोघांची असायची. 1330 च्या ड्यूटीला बालाजीबरोबर जाणारा जवान डोकं धरून पडला होता, थॉमस त्याला औषध देत होते. बालाजी म्हणाला, "एका तासाचं काम हाय दादा, मी जातो एकटा." दाढी केलेली होती. डोळे स्वच्छ होते. मी म्हणालो, "जा."

दर अर्ध्या तासानं रिपोर्ट द्यायचा. 1400 ला फोन आला. "सब ठीक." 1410 ला परत घंटी वाजली. वेळेच्या आधी. मी उचलला.

"हां, बोल."

"दादा, मोजनी केली. पुरी भरली."

"बरं. हवा खराब हाय. आत बसून ऱ्हा."

"आमी येतो मंग, दादा."

आवाज शांत होता, खूप दिवसांनी इतका शांत. मी काही बोलायच्या आत रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला.

ठाकूरसाहेबांनी विचारलं, "क्या बोला?"

मी म्हणालो, "आ रहा है, साब."

"अभी? रिलीफ तो ढाई बजे है."

"मौसम खराब है, इसलिए."

चूक इथं झाली. त्यानं सांगितलं ते मराठीत होतं आणि मी पुढं दिलं ते हिंदीत. तो 'आमी' म्हणाला होता. आमच्याकडं एकटा माणूसही 'आमी' म्हणतो, म्हणून मी ते सोडून दिलं. आणि 'येतो' म्हणजे येतो, असं मी धरलं. अरे, आयुष्यभर घराचा उंबरा ओलांडताना आपण काय म्हणतो? जातो म्हणालं की आई तोंडावर हात ठेवते. निघणारा माणूस 'येतो' म्हणूनच निघतो. हे मला शिकवायला दुसरं कुणी नको होतं. पोस्टवर हे समजू शकणारा मी एकच माणूस होतो.

मी स्टोव्हवर चहाचं पाणी ठेवलं. 1420 ला दार उघडून बघितलं. पांढरं. हाक मारली, ती तोंडातच राहिल्यासारखी वाटली. 1425 ला थॉमस आणि मी दोराला हुक लावून निघालो. आम्हाला वाटलं, येताना मध्येच कुठंतरी पडला असेल. म्हणून दोराच्या दोन्ही बाजूंना काठीनं बर्फ टोचत, हाका मारत आम्ही हळूहळू वर गेलो. ऐंशी मीटरला वीस मिनिटं. ही वीस मिनिटं मी दिलेल्या निरोपामुळं गेली.

1445 ला ओ.पी.त पोचलो. आत कुणी नव्हतं. रायफल जागेवर, नीट टेकवलेली. रिसीव्हर जागेवर. रजिस्टर उघडं होतं आणि त्यात त्याच्या सुंदर अक्षरात शेवटची नोंद होती: "1410. सब ठीक. कुल नौ."

थॉमसनी ते वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला कळलं, तो काय म्हणाला होता ते. मी थॉमसना म्हणालो, "वो हमारी तरफ नहीं आया. वो गया."

ओ.पी.च्या पलीकडच्या बाजूला दोर नाही, डोंगराच्या धारेची उघडी कड आहे. ठाकूरसाहेब आणखी दोघांना घेऊन आले. पाचही जणांनी स्वतःला एका दोरात बांधून घेतलं आणि धारेवरून निघालो. पावलं बुजत चालली होती पण दिसत होती. एकाच माणसाची. मी ती मोजल्यासारखी बघत होतो. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं, दुसरी पावलं आहेत का. नव्हती.

1535 ला सापडला. दोनशे मीटरवर. बर्फाला पाठ टेकून बसला होता, गावाकडं सकाळी उन्हाला बसतात तसा. हातमोजे काढून एकावर एक ठेवलेले. पार्का, म्हणजे वरचा जाड कोट, काढून घडी घातलेला. थंडी अंगात शिरली की शेवटी माणसाला गरम होतं, तो कपडे काढतो, हे आम्हाला शिकवलेलं होतं. पण त्याच्या उजव्या बाजूला बर्फ हातानं सारखा केलेला होता. एक माणूस बसेल एवढा. ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

श्वास चालू होता. आळीपाळीनं उचलून 1640 ला त्याला हटमध्ये आणलं. ठाकूरसाहेब रेडिओवर बसले.

"एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम ज़ीरो है. कल सुबह. ओव्हर."

"कल सुबह नहीं. अभी. ओव्हर."

"नहीं हो सकता, साब. माफ़ करना. ओव्हर."

थॉमसनी जे करता येतं ते सगळं केलं. मी त्याचे पाय माझ्या शर्टाच्या आत पोटाला लावून बसलो होतो. आपल्या भाषेत त्याच्याशी बोलत होतो, काय बोललो ते आठवत नाही. त्यानं डोळे उघडले नाहीत. 1820 ला थॉमसनी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली.

गिनती चुकवायची नाही, हा ठाकूरसाहेबांचा कायदा. त्या संध्याकाळीही झाली. एक, दो, तीन. "सात," शेवटचा म्हणाला. "गिनती पूरी" म्हणायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. ठाकूरसाहेबही. बराच वेळ. कशाची वाट बघत होतो ते एकमेकांना विचारलं नाही. बुखारीच्या शेगडीत रॉकेल जळायचा आवाज येत होता, दुसरा कुठलाच नाही.

चौकशी झाली. निरोपाची चूक मी सांगितली, एकट्याला पाठवलं तेही सांगितलं. मला त्याबद्दल बोलणी बसली. आधीच्या एकोणीस दिवसांबद्दल प्रश्न आला नाही आणि मी आपणहून तोंड उघडलं नाही. मेला त्याला वेडा का ठरवायचं, असं मी मनाला सांगत होतो. खरं म्हणजे मला स्वतःची कातडी वाचवायची होती. आता लाज सोडून सांगतोय.

रिटायर झालो त्या वर्षी जानेवारीत बालाजीच्या आईकडं गेलो. गंगाखेडला एसटीतून उतरून पुढं पाच किलोमीटर. आधीही गेलो होतो, पण फौजेचा माणूस म्हणून, चार साक्षीदार घेऊन. या वेळी एकटा. मावशी अंगणात बसून सुपात तूर पाखडत होत्या. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. नऊ मग, शपथ, हेलिकॉप्टरची सीट, 'आमी येतो मंग'. त्यांचे हात थांबले नाहीत.

मी म्हणालो, "मावशी, तो निगताना येतो म्हनला अन् मी समजलो, माघारी येतोय. माजी चूक झाली."

"त्याचं काय घेऊन बसलास," त्या म्हणाल्या. "फोनवर कुनाचं बी चुकतंय." मग सूप खाली ठेवलं. "मला हे सांग बाबा. एकोनीस दिस त्याला कुनीतरी काहीबाही सांगायलंय. काय सांगायलं व्हतं?"

"म्हाईत न्हाई."

"तू इच्यारलं न्हाईस?"

"तो सांगायलता, मावशी. मी गप केलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "इच्यारायचं व्हतं रे," एवढंच म्हणाल्या. "लेकराला नुस्तं काय झालं म्हनून इच्यारलं तरी बी निम्मं उतरतंय." मग उठून चुलीकडं गेल्या आणि मला जेवायला वाढलं. मी जेवलो. ताट संपवलं.

तर माझ्याकडं येणाऱ्याला मी दिनक्रम देतो. लवकर उठा, दाढी करा, उन्हाला बसा, चाला, भूक नसली तरी जेवा, रोज एका माणसाशी पाच मिनिटं बोला. दहातल्या नऊ जणांना एवढ्यानं फरक पडतो. पण त्याआधी मी त्याला बसवतो आणि विचारतो, "काय वाटायलंय? काय ऐकू यायलंय का? काय म्हनायलंय?" आणि तो बोलत असताना तोंड बंद ठेवतो, मला कितीही भीती वाटली तरी. मागच्या हिवाळ्यात शेजारचे मास्तर म्हणाले, रोज दुपारी मेलेली बायको स्वयंपाकघरातून हाक मारतेय, विहिरीवर ये म्हणतेय. सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्यांना परभणीला डॉक्टरकडं नेलं. गावात बोभाटा झाला, हवालदारानं मास्तरला येड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणून. होऊ द्या. मास्तर माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. आता बोलतात.

बालाजीच्या आईकडं मी दर जानेवारीला जातो. भिंतीवर त्याचा फोटो आहे, दोन फित्यांचा. मावशींना आता कमी दिसतं आणि आठवणीतही राहत नाही. मी कोण ते दोनदा सांगावं लागतं. मग त्यांचा चेहरा खुलतो, माझा हात हातात घेतात आणि विचारतात, "तू व्हतास ना त्याच्यासंगं? त्याला काय ऐकू यायलं व्हतं रे? काय सांगायलं व्हतं कुनी?"

त्यांनी हे मला आधी विचारलंय हे त्यांना आठवत नाही. काहीतरी गोड सांगून टाकावं असं दर वेळी मनात येतं. तुमचीच हाक ऐकू येत होती, असं म्हणावं. कुणाला कळणार आहे?

"म्हाईत न्हाई, मावशी," मी सांगतो. "मी इच्यारलं न्हाई."

त्या हात सोडतात. पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या माझ्याकडं बघत राहतात.